धान पिकविणाऱ्यांचे रेशन : नियंत्रित अन्नवाटप आणि दैनंदिन जीवन (सावली परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

शिधापत्रिकेवरील अन्नवाटप ही साम्यवादी राजवटींची खास ओळख मानली जाते. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांचे दैनंदिन जीवनही रेशनच्या दुकानाशी बांधलेले राहिले. प्रस्तुत लेखात साम्यवादी देशांतील आणि महाराष्ट्रातील रेशनव्यवस्थेची तुलना केली असून, 'धान्य कोणाकडून घेतले गेले आणि पत्रिका कोणाला मिळाली' हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवला आहे. हा प्रश्न चंद्रपूर जिल्ह्यातील सावलीसारख्या धानउत्पादक परिसरातून पाहिला असता रेशनचा इतिहास शहराच्या रांगेतून दिसतो त्याहून वेगळा दिसतो.

बीजसंज्ञा : रेशन, कंट्रोल, लेव्ही, एकाधिकार खरेदी, झाडीपट्टी, अन्नसुरक्षा.

प्रस्तावना

विदर्भाच्या खेड्यांत स्वस्त धान्य दुकानाला आजही 'कंट्रोल' म्हणतात. 'कंट्रोलचा तांदूळ', 'कंट्रोलची साखर' हे शब्दप्रयोग अगदी सहज कानी पडतात. शासकीय कागदपत्रांत त्याच दुकानाचे नाव 'रास्त भाव दुकान' असते, शहरी मध्यमवर्ग त्यास 'रेशन' म्हणतो आणि पत्रिकेवर 'शिधापत्रिका' असे छापलेले असते. हे शब्द एकाच व्यवस्थेचे असले तरी त्यांचे अर्थ एक नाहीत. 'शिधा' हा जुना शब्द असून अतिथीला, ब्राह्मणाला किंवा शिपायाला दिलेले कोरडे धान्य असा त्याचा अर्थ होतो. त्यात देणाऱ्याचे औदार्य गृहीत आहे. 'रेशन' म्हणजे मोजून दिलेला वाटा. 'कंट्रोल' हा शब्द मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील असून त्यात देण्यापेक्षा अडविण्याचा भाव अधिक आहे. जो धान्य विकत घेतो त्याला रेशन आठवावे आणि जो धान्य पिकवितो त्याच्या तोंडी कंट्रोल हा शब्द टिकून राहावा, ही बाब केवळ भाषिक योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

रेशनविषयीचे बरेचसे लेखन मुंबईसारख्या महानगराच्या अनुभवावर आधारलेले आहे. वैनगंगेच्या पश्चिमेस, मूल-गडचिरोली मार्गावर वसलेले सावली आणि त्याभोवतीचा तलावांचा व धानाचा प्रदेश या लेखनात क्वचितच येतो. आसोलामेंढ्यासारखा ब्रिटिश काळातील मोठा तलाव, शेकडो लहान मालगुजारी तलाव आणि त्यांवर पोसलेली धानशेती ही या परिसराची ओळख होय. अशा प्रदेशातील माणसाचा रेशनशी संबंध कसा आला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१. साम्यवादी देशांतील रेशनव्यवस्थेचे शहर व खेडे या संदर्भातील स्वरूप थोडक्यात पाहणे.
२. १९४३ नंतरच्या महाराष्ट्रातील रेशनव्यवस्थेशी त्याची तुलना करणे.
३. धानउत्पादक व वनव्याप्त प्रदेशातील दैनंदिन जीवनावर या व्यवस्थेचा काय परिणाम झाला, याचा विचार करणे.

यासाठी ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे.

साम्यवादी देशांतील शिधापत्रिका : शहर आणि खेडे

सोव्हिएत संघात १९२८ च्या अखेरीपासून १९२९ च्या प्रारंभापर्यंत शहरांतून पावावर रेशन लागू झाले. हाच काळ सक्तीच्या सामुदायिकीकरणाचाही होता. रेशनमध्ये कामगाराला अधिक, कचेरीतील कारकुनाला कमी आणि अवलंबितांना त्याहून कमी अशी श्रेणीरचना होती. ज्याच्या शेतातून सरकार धान्य उचलत होते, तो सामुदायिक शेतावरील शेतकरी मात्र या पत्रिकांच्या बाहेरच राहिला. १९३२-३३ च्या भीषण दुष्काळात युक्रेन व कझाकस्तानची खेडी उपाशी मेली, तेव्हा शहरातील कामगाराच्या हाती, अपुरी का होईना, पावाची पत्रिका होती. पावावरील रेशन १ जानेवारी १९३५ रोजी उठले. युद्धकाळात ते पुन्हा आले आणि वेढ्यातील लेनिनग्राडमध्ये नोव्हेंबर-डिसेंबर १९४१ मध्ये कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम व इतरांना १२५ ग्रॅम पाव इतके खाली घसरले. डिसेंबर १९४७ मध्ये ही व्यवस्था संपुष्टात आली.

चीनमध्ये १९५३ च्या अखेरीस धान्याची खरेदी व विक्री ही सरकारची मक्तेदारी झाली आणि १९५५ पासून धान्याची कुपने सुरू झाली. कुपनाशिवाय उपाहारगृहात भाताची वाटीही मिळत नसे. ही कुपने शहरी नोंदणी असलेल्या नागरिकांसाठी होती. खेड्यातील माणसाने सरकारी कोटा भरावयाचा आणि उरलेल्यावर भागवावयाचे, असा तेथील नियम होता. १९५८ ते १९६१ च्या महादुष्काळात कोट्यवधी माणसे मेली, त्यांतील फार मोठा भाग शेतकऱ्यांचा होता. कुपनपद्धती पुढे १९९३ पर्यंत टिकली.

पोलंडमध्ये १९७६ मध्ये साखरेवर व १९८१ मध्ये मांसावर पत्रिका आल्या आणि १९८९ मध्ये त्या संपल्या. क्यूबामध्ये १९६२ मध्ये सुरू झालेली 'लिब्रेता' ही पुस्तिका आजही अस्तित्वात असली, तरी तिच्यावर मिळणारा जिन्नस उत्तरोत्तर आटत गेला आहे.

या तपशिलांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, रेशन ही केवळ साम्यवादाची निर्मिती नव्हे. भांडवलशाही ब्रिटनमध्येही ते १९४० ते १९५४ पर्यंत चालू होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. शेतकऱ्याकडून धान्य घेऊन शहराला पोसणे हे विसाव्या शतकाच्या मध्यावरील रेशनव्यवस्थांचे, विशेषतः सोव्हिएत व चिनी व्यवस्थांचे, मुख्य कार्य होते. या बाबतीत भारताचा अनुभव कितपत वेगळा होता, हे आता पाहावयाचे आहे.

मुंबईतील रेशन : १९४३ ते १९५४

ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्यामुळे १९४२ मध्ये तेथील तांदळाची आयात थांबली. मुंबई शहरात २ मे १९४३ रोजी रेशन सुरू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये सुमारे ३० लाख माणसे दुष्काळाने व त्यामागून आलेल्या साथींनी मृत्युमुखी पडली. १९४३ च्या अन्नधान्य धोरण समितीने एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत रेशन लागू करावे आणि प्रौढ माणसास दिवसाला एक पौंड धान्य मिळावे, अशी शिफारस केली. १९४६ च्या टंचाईत हे प्रमाण १६ औंसांवरून १२ औंसांवर, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅमवर आणावे लागले. अंगमेहनतीच्या कामगारांना जादा वाटा मिळे, तर मुलांचा वाटा प्रौढाहून कमी धरला जाई. सोव्हिएत श्रेणीरचनेचे तत्त्व वसाहतवादी सरकारनेही आपल्या परीने स्वीकारले होते. दोन्हीकडे पोट मोजले जात होते ते श्रमाच्या उपयुक्ततेनुसार.

मुंबईकरांच्या घरात यामुळे झालेला बदल केवळ प्रमाणाचा नव्हता. कोकणातून आलेल्या भात खाणाऱ्या गिरणी कामगाराला तांदळाबरोबर गहू व भरड धान्य घ्यावे लागले. आठवड्याचा वाटा आठवड्यालाच उचलावयाचा असल्याने वर्षाचे धान्य भरून ठेवण्याची रीत मोडली. पाहुणा आला की तो किती दिवस राहणार, हा प्रश्न अगत्याचा न राहता हिशोबाचा झाला. पुढे टंचाईच्या काळात निघालेल्या अतिथी-नियंत्रण आदेशांनी तर लग्नाच्या पंगतीत किती पाने मांडावीत, हेही सरकारने ठरविले.

या नियंत्रणांना सर्वांत प्रखर विरोध महात्मा गांधींनी केला. हेच गांधीजी १९३६ मध्ये गांधी सेवा संघाच्या अधिवेशनानिमित्त सावली येथे राहिले होते. चरखा संघाच्या कार्यामुळे सावलीचे नाव त्या वेळी खादीच्या जगात सर्वज्ञात होते. कातणाऱ्या स्त्रीला निदान पोटभर अन्न मिळेल इतकी मजुरी मिळालीच पाहिजे, हा त्यांचा त्या काळातील आग्रह होता. १९४७ च्या अखेरीस दिल्लीतील प्रार्थनासभांतून त्यांनी कंट्रोल उठविण्याची मागणी केली. नियंत्रणामुळे लबाडी व काळाबाजार वाढतो आणि माणसे परावलंबी होतात, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर १९४७ पासून नियंत्रणे सैल झाली, भाव कडाडले आणि १९४८ मध्ये ती पुन्हा लादावी लागली. अखेर रफी अहमद किडवई यांच्या अन्नमंत्रिपदाच्या काळात, १९५२ ते १९५४ दरम्यान, ती टप्प्याटप्प्याने उठली. खेड्यातील श्रमिकाला अन्न मजुरीतून मिळावे की सरकारी दुकानातून, हा गांधींनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला.

लाल ज्वारी आणि लेव्ही

१९५६ मध्ये अमेरिकेशी पीएल-४८० करार झाला आणि आयात गव्हाचे पर्व सुरू झाले. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. त्याच वर्षी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. सलग दोन वर्षांच्या अवर्षणामुळे १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य आयात करावे लागले आणि मुंबईत १९६६ च्या आदेशान्वये कायदेशीर रेशन पुन्हा दृढ झाले. १९७२ च्या दुष्काळात 'मिलो' या नावाने आलेली लाल ज्वारी महाराष्ट्राच्या स्मृतीत कायमची कोरली गेली. तिची भाकरी थापताना तुटे आणि गिळताना घशाला टोचे. अमेरिकेत हे धान्य जनावरांना घालतात, ही जाणीव तिच्या चवीपेक्षा अधिक कडू होती. शेतात पसरलेल्या गाजरगवताचा संबंधही लोकांनी याच परदेशी धान्याशी जोडला.

याच काळात महाराष्ट्राने १९६४-६५ पासून ज्वारी व भात यांच्या एकाधिकार खरेदीचे धोरण अवलंबिले. उत्पादकाने ठरावीक धान्य ठरावीक दराने सरकारलाच द्यावयाचे, ही 'लेव्ही' होय. चीनमधील सक्तीच्या कोट्याशी तिचे साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे. एप्रिल १९७३ मध्ये केंद्र सरकारने गव्हाचा घाऊक व्यापारही आपल्या हाती घेऊन पाहिला. परंतु हा प्रयोग वर्षभरातच, १९७४ मध्ये, मागे घ्यावा लागला. व्यापारी, शेतकरी व विरोधी पक्ष यांचा विरोध उघडपणे व्यक्त होऊ शकला, म्हणूनच ही माघार शक्य झाली. सोव्हिएत व चिनी शेतकऱ्याला असा मार्ग उपलब्ध नव्हता. उपासमारीची बातमी वृत्तपत्रांत छापली जाण्याची शक्यता सरकारला वेळीच हालचाल करावयास लावते, हा अमर्त्य सेन यांचा सिद्धान्त या संदर्भात सर्वपरिचित आहे. तथापि, लोकशाहीत मोठा दुष्काळ टळला तरी रोजची अर्धपोटी अवस्था टळतेच असे नाही, हेही सेन यांनीच नमूद केले आहे. वनव्याप्त जिल्ह्यांच्या बाबतीत त्यांच्या विवेचनाचा हा दुसरा भाग अधिक लागू पडतो.

धान पिकविणारा प्रदेश

सावलीचा परिसर १९५६ पर्यंत मध्य प्रांताच्या, म्हणजे नंतरच्या मध्य प्रदेशच्या, चांदा जिल्ह्यात होता. पुढे तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला, तेव्हा सावली चंद्रपूर जिल्ह्यातच राहिली. सरकारे बदलली तरी या प्रदेशाचे शासकीय नोंदींतील स्थान बदलले नाही. हा 'भाताचा' प्रदेश, म्हणून येथून तांदूळ मिळावयाचा, हे गृहीतच होते. पिकविणाऱ्याच्या घरी धान्य असणारच, मग त्याला पत्रिका कशाला, असा या व्यवस्थेमागील तर्क होता.

प्रत्यक्षातील चित्र वेगळे होते. येथील धान एकाच पावसाचे. दिवाळीच्या सुमारास कापणी सुरू होते आणि मळणी आटोपेपर्यंत लहान शेतकऱ्याचे अर्धेअधिक धान उसनवारी फेडण्यात जाते. रोवणी-कापणीची मजुरी पूर्वी बव्हंशी धानातच मिळत असे. धान पायलीने व कुडवाने मोजले जाई, खंडीने साठविले जाई आणि घरी उखळात किंवा ढेकीवर कांडले जाई. मोजमाप आकारमानाचे होते, वजनाचे नव्हते. भूमिहीन मजुराच्या घरचे धान उन्हाळ्यात संपे. त्यानंतर मोहफुले, तेंदूपानाच्या हंगामाची मजुरी, रानातील कंदमुळे व पालेभाज्या यांवर पावसाळ्यापर्यंत आणि पुढे नवे धान येईपर्यंत दिवस काढावे लागत. म्हणजे पिकविणारा हा वर्षातील काही महिने विकणारा आणि उरलेले महिने विकत घेणारा होता. धान्य उचलताना व्यवस्थेने त्याचे पहिले रूप पाहिले. दुसरे रूप तिच्या नोंदीत फार उशिरा आले.

आदिवासी भागासाठी राज्याने काही वेगळ्या उपाययोजना केल्या, त्यांची दखल घेणे आवश्यक आहे. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले. १९७६ च्या कायद्याने आदिवासी क्षेत्रातील धान्य व गौण वनोपजाची खरेदी एकाधिकार पद्धतीने होऊ लागली आणि १९७८ पासून पावसाळ्यातील उपासमार टाळण्यासाठी 'खावटी' कर्जाची योजना आली. सावकाराच्या दारी जाणाऱ्या माणसाला हा खरा आधार होता. परंतु खावटी हे कर्ज होते, हक्काचे रेशन नव्हते. शहरातील कामगाराला अन्न पत्रिकेवर मिळाले, तर जंगलातील माणसाला ते कर्ज म्हणून मिळाले, हा फरक दुर्लक्षिता येत नाही.

या प्रदेशाच्या वाट्याला आलेला आणखी एक विरोधाभास येथे नोंदविला पाहिजे. नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यातील अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे (निधन २०१८) यांनी निवड पद्धतीने 'एचएमटी' हे बारीक धानाचे वाण विकसित केले आणि ते देशभर पसरले. ज्या जिल्ह्याने शहराच्या ताटात बारीक, सुवासिक भात वाढला, त्याच जिल्ह्यातील मजुराला कंट्रोलमधून मिळाला तो बहुधा जाडाभरडा तांदूळ.

रांग, स्वयंपाकघर आणि स्त्रिया

रेशनचा इतिहास मुख्यतः धोरणांच्या व टनांच्या भाषेत लिहिला गेला आहे. त्याचा रोजचा भार मात्र स्त्रियांनी वाहिला. दुकान कधी उघडेल, माल 'आला' की नाही, रॉकेल मिळेल काय, याची खबर ठेवणे, रांगेत पिशवी किंवा डबा ठेवून नंबर धरणे, निवडून-पाखडून दळण आणणे आणि न आवडणाऱ्या धान्याचे खाण्याजोगे काहीतरी करणे, ही सर्व कामे तिच्याकडेच आली. लग्न झाले की माहेरच्या पत्रिकेतून नाव कमी करून सासरच्या पत्रिकेत चढवावे लागे. त्या दोन नोंदींच्या मधल्या काळात नवविवाहितेचे पोट कोणत्याच नोंदीत नसे.

या भाराचे राजकीय रूपांतर मुंबईत १९७२ मध्ये झाले. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते आदींच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. समाजवादी, मार्क्सवादी व कम्युनिस्ट पक्षांतील स्त्रिया तिच्यात एकत्र आल्या आणि लाटणे हे आंदोलनाचे चिन्ह झाले. पोलंडमधील लोड्झ या गिरण्यांच्या शहरात जुलै १९८१ मध्ये स्त्रियांनी मुलाबाळांसह काढलेला भूकमोर्चा याच जातीचा होता. दोन्ही शहरे कापडगिरण्यांची, दोन्हीकडे मोर्चाच्या अग्रभागी गृहिणी. पोलंडमध्ये त्याच वर्षी डिसेंबरात लष्करी कायदा आला. भारतातही १९७५ च्या आणीबाणीत या आंदोलनातील नेत्यांना तुरुंगवास घडला. परंतु १९७७ च्या निवडणुकीत मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या. पोलंडमधील मतदाराला अशी संधी मिळण्यास १९८९ उजाडावे लागले.

तथापि, हा आवाज शहरी रांगेतून उठला होता. जेथे रेशनची रांगच नव्हती, तेथे लाटणे मोर्चाही निघू शकत नव्हता. धानपट्ट्यातील मजूर स्त्रीच्या उन्हाळी उपासाला निषेधाचे असे दृश्य रूप कधी मिळाले नाही, आणि त्यामुळे त्या उपासाची नोंद इतिहासातही झाली नाही.

दिशाबदल : १९९२ ते २०२३

१९९२ मध्ये देशातील १,७७५ मागास, आदिवासी, डोंगराळ व अवर्षणप्रवण गटांसाठी सुधारित सार्वजनिक वितरण व्यवस्था आली आणि रेशनची दिशा प्रथमच जाणीवपूर्वक खेड्याकडे वळली. १९९७ मध्ये लक्ष्यनिर्धारित पद्धती आली. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून पिवळी, केशरी व पांढरी अशा तीन रंगांच्या पत्रिका लागू झाल्या. वार्षिक १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबास पिवळी व एक लाखापर्यंत केशरी, असा निकष होता. पूर्वीचा प्रश्न 'पत्रिका आहे काय' असा होता. आता तो 'पत्रिकेचा रंग कोणता' असा झाला. डिसेंबर २००० मध्ये अतिगरिबांसाठी अंत्योदय योजना आली. गडचिरोली जिल्ह्यातील बालमृत्यूंकडे डॉ. अभय व राणी बंग यांच्या कार्यामुळे राज्याचे लक्ष वेधले गेले तेही याच सुमारास. आदिवासी भागातील कुपोषण हा त्यानंतर आकस्मिक आपत्तीचा विषय राहिला नाही, तो शासनाच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न झाला.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने अन्न हा कायदेशीर हक्क झाला. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाली. देशाच्या ग्रामीण लोकसंख्येपैकी ७५ टक्क्यांपर्यंत व शहरी लोकसंख्येपैकी ५० टक्क्यांपर्यंत लाभार्थी असू शकतात, ही त्यातील तरतूद १९४३ च्या व्यवस्थेच्या नेमकी उलट आहे. माणशी ५ किलो धान्य २ ते ३ रुपये किलोने मिळू लागले आणि जानेवारी २०२३ पासून तेही मोफत झाले. आज आधारभूत केंद्रावर खरेदी झालेले धान भरडाईनंतर तांदळाच्या रूपाने रेशन दुकानांत परत येते.

नव्या अडचणीही आहेत. धान्य मिळण्यासाठी बहुधा बोटाचा ठसा यंत्राने ओळखावा लागतो. आयुष्यभर रोवणी केलेल्या वृद्धेच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात आणि जंगलातील गावी यंत्राला 'रेंज' नसते. पोषणमूल्ययुक्त तांदळातील वेगळ्या दिसणाऱ्या दाण्यांमुळे 'प्लास्टिकचा तांदूळ' आल्याच्या अफवाही पसरल्या. मिलोच्या वेळी होता तोच अविश्वास येथे पुन्हा दिसतो. आपल्याला जे दिले जाते ते आपल्याला विचारून दिले जात नाही, हा अनुभव त्याच्या मुळाशी आहे.

निष्कर्ष

१. शिधापत्रिका ही साम्यवादी राजवटींपुरती मर्यादित नव्हती. आधी शहर आणि मग खेडे हा क्रम सोव्हिएत संघ, चीन व भारत या तिन्ही ठिकाणी दिसून येतो.

२. भारताचे वेगळेपण खुल्या बाजाराचे अस्तित्व, मुक्त वृत्तपत्रे व निवडणुका यांत होते. त्यामुळे चुकीची धोरणे मागे घेता आली आणि महादुष्काळ टळला. परंतु वनव्याप्त प्रदेशातील हंगामी उपासमार दीर्घकाळ अदृश्य राहिली.

३. 'पिकविणाऱ्याच्या घरी धान्य असतेच' हे गृहीतक सावलीसारख्या प्रदेशातील लहान शेतकरी व मजूर यांच्या बाबतीत वर्षातील काही महिनेच खरे होते. व्यवस्थेने हे ओळखण्यास सुमारे अर्धे शतक घेतले.

४. रेशनच्या इतिहासाचे मोजमाप केवळ किती धान्य वाटले यावरून न करता, मोजणीत कोण आले आणि कोण राहून गेले यावरूनही केले पाहिजे.

झाडीपट्टीतील माणूस आजही या दुकानाला 'कंट्रोल' म्हणतो. शासनाच्या लेखी तो आता हक्कदार आहे. परंतु त्याच्या भाषेत हक्काचा शब्द अद्याप रुजलेला नाही. कायद्यातील बदल आणि जगण्यातील बदल यांमध्ये अजून किती अंतर आहे, हे त्यावरून समजते. धानपट्ट्यातील वृद्ध स्त्री-पुरुषांच्या आठवणी या दृष्टीने नोंदविल्या जाणे निकडीचे आहे. मिलोची भाकरी आणि खावटीची वाट पाहणारा पावसाळा ज्यांनी स्वतः अनुभवला, ती पिढी आता वेगाने काळाच्या पडद्याआड जात आहे. या परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम हाती घेतल्यास या प्रदेशाचा इतिहास त्याच्या स्वतःच्या शब्दांत लिहिता येईल.